वाटीतला ठोका

गेल्या वैशाखातल्या एका सकाळी आठवडे बाजारातून आणलेले गावरान अंडे मी फोडले. अंडे थेट तव्यात फोडायचे नाही, आधी वाटीत फोडून पाहायचे, ही आईने लावलेली शिस्त आता हातालाच ठाऊक आहे, त्यामुळे ते स्टीलच्या वाटीत पडले आणि मी तशीच थांबले. बलकावर लाल जाळी पसरलेली होती, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी. तिच्या कडेने एक ठळक लाल रेघ गोल फिरली होती, त्या रेघेपासून केसांसारख्या बारीक शिरा मध्याकडे येत होत्या, आणि मध्यभागी तांदळाच्या दाण्याएवढा, डोके वाकवलेला एक जवळजवळ पारदर्शक जीव कुशीवर पडला होता. त्याच्या वाकलेल्या मानेखाली मोहरीहूनही लहान एक लाल टिंब उडत होते. उडत होते हाच शब्द खरा. ते फुलायचे, मिटायचे, आणि प्रत्येक मिटण्याबरोबर जवळच्या शिरांमधले रक्त किंचित पुढे सरकायचे.

तव्यावरचे तेल तापले होते. मी गॅस बंद केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजू लागले. पहिल्या मिनिटाला बहात्तर झाले, दुसऱ्या मिनिटाला साठाच्या आत आले. तेव्हा मी एक गोष्ट केली जिचा विचार करायलाही मी थांबले नव्हते. मोठ्या पातेल्यात कोमट पाणी घेतले, कोपर बुडवून ते फार गरम नाही याची खात्री केली, लहान मुलाच्या अंघोळीचे पाणी पाहतात तशी, आणि ती वाटी त्या पाण्यात ठेवली. दोनएक मिनिटांत टिंबाचा वेग वाढला. नव्वद, मग शंभराच्या वर. मला इतका आनंद झाला की मी कोणाला तरी हाक मारण्यासाठी वळले, आणि घरात कोणी नाही हे लक्षात येताच दुसरेही लक्षात आले: कवच फुटलेल्या या जिवाला मी पुढे नेऊ शकत नव्हते, केवळ त्याचे थांबणे लांबवत होते. पाणी निवले तसे ठोके विरळ झाले. शेवटी शेवटी एक ठोका पडायचा आणि आता संपले असे वाटेपर्यंत दुसरा यायचा. मग तो आला नाही. मी वाटी मागच्या अंगणात नेऊन जास्वंदीच्या बुंध्याशी रिकामी केली.

ते कोमट पाणी मी का ठेवले, हे मला अजून नीट सांगता आलेले नाही.

हाताला ती कृती इतक्या सहज का सुचली, हे मात्र मला माहीत आहे. पस्तीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करताना आम्ही हेच करत असू. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात लाकडी उबवणयंत्र होते, त्याचे दार उघडले की पिसांचा आणि गरम धुळीचा मिसळलेला वास यायचा. तीन दिवस उबवलेले अंडे कोमट सलाईनमध्ये फोडायचे, गाळणकागदाची गोल चकती मधोमध कापून त्या जाळीवर अलगद बसवायची, तिच्या बाहेरून कात्री फिरवायची आणि कागदाला चिकटलेला गर्भ उचलून काचेच्या बशीत ठेवायचा. बशीतले पाणी निवले की ठोके मंदावत आणि कोमट पाण्याचे चार थेंब टाकले की पुन्हा वेग घेत. आमच्या बाई शेजारी उभ्या राहून शांतपणे म्हणत, 'मोजा. घाई करू नका.' त्या पुण्याहून शिकून आल्या होत्या. एडिंबरामध्ये गर्भशास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन यांच्याकडे संशोधन करून परतलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या गर्भावरचे काम रुजवले होते, आणि त्या परंपरेतली आस्था बाईंच्या हातांमध्ये उतरलेली दिसे. गर्भ उचलताना त्या श्वास रोखून धरत. परीक्षेत आमच्यापुढे येत त्या मात्र बोरॅक्स कारमाइनने गुलाबी रंगवलेल्या गर्भांच्या काचपट्ट्या: २४ तास, ३३ तास, ४८ तास, ७२ तास. पुष्कळ विद्यार्थी त्या आकारावरून पाठ करत. मला त्या ओळीने लावून पाहायला आवडत, कारण चार काचांमध्ये एका सपाट पानाचे अंग कसे होते ते दिसे.

सुरुवातीला खरोखर पानच असते. बलकावर पेशींचा एक पातळ थर असतो, आणि त्यातल्या काही पेशी मधल्या एका रेघेतून आत उतरून तीन थर तयार करतात. वरच्यातून त्वचा आणि मज्जासंस्था, मधल्यातून स्नायू, हाडे आणि रक्त, खालच्यातून आतड्याचे आणि फुप्फुसाचे अस्तर, ही यादी शाळेतही पाठ करून घेतात. यादीत जे येत नाही ते त्या काचांमध्ये होते. हृदय एका जागी उगवत नाही. मधल्या थराच्या डाव्या आणि उजव्या बाजूला पेशींचे दोन पट्टे असतात, ते एकमेकांकडे सरकतात, प्रत्येकाची नळी होते आणि दोन नळ्या मध्यावर भेटून एक होतात. त्यांना भेटू दिले नाही, मध्ये अडथळा ठेवला, तर दोन अर्धी हृदये तयार होत नाहीत, दोन्ही बाजूंना एकेक पूर्ण हृदय तयार होते आणि दोन्ही आपापल्या लयीत धडधडतात. हे बाईंनी सांगितले त्या दिवशी मी वसतिगृहावर परतताना वाटेत थांबून छातीवर हात ठेवला होता, ते आठवते. आणखी एक गोष्ट अशी की ती नळी तिसाव्या तासानंतर केव्हातरी थरथरू लागते तेव्हा तिच्यात वाहायला रक्तच नसते. रक्त फिरू लागते ते दुसरा दिवस सरत आल्यावर. त्याआधीचे कित्येक तास ती रिकामीच ठोके देत असते.

त्या पेशींना हृदय व्हायचे आहे हे कोण सांगते, हा माझा तेव्हाचा प्रश्न होता, आणि मला वाटे की उत्तर त्यांच्या आत कुठेतरी लिहिलेले असणार. आत लिहिलेले असते हे खरेच, पण प्रत्येक पेशीच्या आत सगळेच लिहिलेले असते. पिसाच्या मुळाशी असलेल्या पेशीतही हृदयाची सर्व माहिती असते आणि हृदयाच्या पेशीत पिसाची. फरक पडतो तो पेशी कुठे आहे आणि तिच्या शेजारी कोण आहे यामुळे. कोंबडीच्या गर्भात भावी हृदयाच्या पेशींना त्यांच्या खालच्या थराकडून एक रासायनिक निरोप मिळतो, त्याचा अर्थ 'हो' असा असतो. मध्यावर तयार होणाऱ्या चेतानळीकडून, म्हणजे पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणाऱ्या नळीकडून, दुसरा निरोप पसरत असतो, त्याचा अर्थ 'नको' असा. जिथे होकार पोहोचतो आणि नकार पोहोचत नाही, तेवढ्याच पट्ट्यात हृदय होते. थोड्या मागच्या बाजूला असलेल्या पेशी एरवी रक्त झाल्या असत्या, पण त्यांच्यापर्यंत जाणारा नकार थोपवला तर त्या ठोके देऊ लागतात, हे २००१ मध्ये कोंबडीच्याच गर्भावर दाखवले गेले. रक्त होणे आणि रक्त ढकलणारे हृदय होणे, यांच्यामध्ये एवढेच अंतर.

वॉडिंग्टन यांनी १९५७ मध्ये या साऱ्यासाठी एक चित्र काढले होते. डोंगरउतारावरून एक गोटी घरंगळते आहे आणि तिच्यापुढे दऱ्या फुटत जातात. एका दरीत शिरली की शेजारची दरी तिला बंद होते. ते चित्र मला परके कधीच वाटले नाही, कारण आमच्या भागात प्रत्येकाने ते पावसात पाहिलेले असते. घाटमाथ्यावर एकाच ढगातून पडलेल्या दोन थेंबांपैकी एक कोकणात उतरून दुसऱ्या दिवशी अरबी समुद्राला मिळतो आणि दुसरा पंचगंगेतून कृष्णेला लागून सारे दख्खन ओलांडतो. थेंबात फरक नसतो. तो कोणत्या बाजूच्या दगडावर पडला यावर पुढचे सगळे ठरते, आणि एकदा उतार लागल्यावर तो परत चढत नाही.

पेशीला मात्र हा उतार शेजारी दाखवतो, आणि हे ज्या प्रयोगाने निर्विवादपणे दिसले तो एका तरुण मुलीने केला होता, म्हणून मला तो विसरता येत नाही. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे हिल्डे मांगोल्ड ही विद्यार्थिनी हान्स श्पेमान यांच्याकडे पीएच.डी. करत होती. तिने पाणसरड्याच्या, म्हणजे न्यूटच्या, एका फिकट जातीच्या गर्भातून एक विशिष्ट तुकडा काढला आणि गडद जातीच्या दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला बसवला. प्रतिजैविक औषधांचा तो काळ नव्हता, बहुतेक गर्भ मरून गेले, हाती थोडकेच राहिले. जे राहिले त्यांच्या पोटावर दुसरा गर्भ उभा राहिला होता, पाठीचा कणा, चेतानळी, स्नायूंच्या गाठी यांसह. आणि दोन जातींच्या रंगांमुळे कोणती पेशी कोणाची हे ओळखता येत असल्याने कळले की तो दुसरा देह मुख्यतः यजमानाच्याच पेशींचा होता. ज्या पेशी पोटाची कातडी झाल्या असत्या त्या नव्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मज्जासंस्था झाल्या होत्या. आणलेल्या तुकड्याने स्वतः सारे बांधले नव्हते, त्याने आजूबाजूच्यांना कामाला लावले होते. हे संशोधन १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी घरातल्या शेगडीचा भडका उडून हिल्डे भाजली आणि गेली. ती सव्वीस वर्षांचीही नव्हती, मागे लहान मूल होते. श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल मिळाले. ते त्यांना मिळायलाच हवे होते, पण हिल्डेची गोष्ट सांगताना स्वयंपाकघराचा उल्लेख आला की माझा आवाज अजूनही बदलतो.

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे, होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. साठ मागांच्या गदारोळात कोणत्या मागावर तार तुटली हे त्यांना आवाजावरून कळे, आणि घरी आल्यावर कपड्यांना येणारा सुताचा, खळीचा आणि यंत्राच्या तेलाचा वास हा माझ्या बालपणाचा वास आहे. मी पहिल्या वर्षाला असताना त्यांनी माझे पुस्तक चाळून विचारले होते, 'ऊती म्हणजे काय गं?' सारख्या कामाच्या पेशी एकत्र आल्या की ऊती होते, असे मी परीक्षेतले उत्तर दिले. पुढे शब्दकोशात पाहिले तेव्हा कळले की ऊती हा शब्द मुळात विणण्याचा आहे. मी ते त्यांना सांगितले. ते खूश झाले, आणि मग जॉबर माणसाने विचारावे तेच त्यांनी विचारले: 'मग माग कुठाय?'

त्या प्रश्नाचे उत्तर शोधत मी पुढची कित्येक वर्षे वाचत राहिले. कापडाला विणणारा बाहेरचा असतो, ताणा आणि बाणा स्वतःहून एकमेकांत शिरत नाहीत. पेशींचे कापड आपले आपण विणले जाते. १९०७ मध्ये अमेरिकेत एच. व्ही. विल्सन यांनी एक जिवंत लाल स्पंज रेशमी कापडातून पाण्यात पिळून काढला, आपल्याकडे औषधाचे चूर्ण वस्त्रगाळ करतात तसा. पाण्यात सुट्या पेशींचा गढूळ ढग तयार झाला. त्या पेशी तळाशी बसल्या, सरपटत एकमेकींपर्यंत आल्या, त्यांचे गोळे झाले आणि काही दिवसांनी त्यांतून पुन्हा स्पंज उभे राहिले. १९५५ मध्ये टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी बेडूकवर्गीय प्राण्यांच्या गर्भाच्या पेशी अशाच सुट्या करून एकत्र कालवल्या, तर काही काळाने कातडीच्या पेशी बाहेर आल्या, आतल्या थराच्या आत गेल्या, मधल्या मध्ये राहिल्या. जणू प्रत्येकीला आपली जागा आणि आपली माणसे आठवत होती. ही आठवण कशात असते तेही पुढे उलगडले. क्योतो येथील मासातोशी ताकेइची यांना पेशींच्या पृष्ठभागावर अशी प्रथिने सापडली की ज्यांच्यामुळे एका जातीची पेशी आपल्याच जातीच्या पेशीला धरते, आणि ही पकड कॅल्शियम असेपर्यंतच टिकते. कॅल्शियम काढून घेतले की ऊतीचे धागे सुटतात. ही माहिती माझ्या हाती आली तेव्हा अण्णांना ऐकू कमी येऊ लागले होते. मागांच्या आवाजाने त्या पेठेतल्या बहुतेक जुन्या कामगारांचे कान गेलेले असतात. मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितले की माग नसतोच, धागाच धाग्याला ओळखतो. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'मग डिझाइन बिघडत कसं नाही?'

बिघडते. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या पोटातून शस्त्रक्रिया करून गाठ काढली तेव्हा तिच्यात केसांचा गुंता, चरबी आणि दात निघाले. ती अंडाशयातली गाठ होती, अशा गाठी अनेकींना होतात आणि त्या बहुधा निरुपद्रवी असतात, पण गल्लीत कुजबुज सुरू झाली, कोणी करणीचे नाव घेतले, आणि काकू कित्येक महिने कोणाकडे हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले आणि मला येत होते तेवढे समजावले: मूल घडवण्याची शक्ती असलेली एक पेशी वेळ आणि जागा चुकून कामाला लागली, तिने केस केले, दात केला, सगळे चांगले केले, पण कशाच्या शेजारी काय हवे हे सांगणारे तिथे कोणी नव्हते. काकूंनी एकच विचारले, 'दात चांगला होता का?' चांगला होता. त्याला चकचकीत आवरणसुद्धा होते. पेशीने वेगळे होणे आणि पेशींनी मिळून काही होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे मला काकूंच्या ओट्यावर कळले.

आणि वेगळे होताना पेशी किती काय सोडून देते, याचेही मला फार वाटत राहते. ४८ तासांच्या पट्टीत गर्भाचा डोळा दिसतो. मेंदूतून एक पेला बाहेर येतो, वरच्या कातडीपर्यंत पोहोचतो आणि त्या जागची साधी कातडी आत वळून भिंग होते. भिंगाच्या पेशी पारदर्शक प्रथिनाने स्वतःला भरून घेतात, आणि प्रकाशाच्या वाटेत काही येऊ नये म्हणून आपले केंद्रकसुद्धा नष्ट करतात. त्या मग बदलल्या जात नाहीत. आजीच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला तेव्हा बाहेर आलेल्या भिंगाच्या गाभ्यात तिच्या आईच्या पोटात असताना घडलेल्या पेशी होत्या, ऐंशी वर्षे प्रकाश वाहून पिवळ्या पडलेल्या. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीही केंद्रक टाकून देतात आणि १२० दिवस प्राणवायू वाहून संपतात. बोटे सुटी होतात तीदेखील मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात म्हणून. बदकाच्या पायात त्या मरत नाहीत, त्याला पोहायचे असते.

हृदयाच्या स्नायूपेशीने सोडले आहे ते पुन्हा दोन होणे.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण त्याचा अर्थ मला अण्णांच्या आजारपणात कळला. त्यांना झटका आला तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. दवाखान्यात पोहोचायला उशीर झाला होता. दहा दिवसांनी इकोच्या अंधाऱ्या खोलीत त्यांच्या छातीवर थंड जेल लावून डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, 'हा भाग हलत नाही.' करड्या, दाणेदार चित्रात हृदयाची एक भिंत आत येत होती, बाहेर जात होती, आणि तिच्या खालचा एक तुकडा शेजाऱ्यांच्या ओढीने नुसता हेलकावत होता. मी त्याकडे बघत असताना मला बशीतली ती जाळी आठवली. तिथे आता काय होईल हे मला ठाऊक होते. मेलेल्या स्नायूच्या जागी स्नायू येणार नव्हता. तिथे दुसऱ्या जातीच्या पेशी येतात, त्यांना एकच कापड विणता येते, कोलॅजन या चिवट प्रथिनाचे, आणि त्या ते जीव तोडून विणतात. त्यांनी वेळेवर विणले नाही तर हृदयाची भिंत फाटण्याची भीती असते. म्हणून त्या व्रणाला नावे ठेवणे मला कधी जमले नाही. अण्णांना मी सांगितले की तुमच्या हृदयाला रफू केलेला आहे, धरून ठेवेल, पण ठोका देणार नाही. रफू म्हटल्यावर त्यांना सगळे समजले. त्या रफूवर ते अकरा वर्षे चालले, रोज पंचगंगेच्या काठापर्यंत जाऊन येत, आणि शेवटच्या वर्षी पायांवर सूज येऊ लागली तेव्हाच घरात बसले. ते गेले त्याला सहा वर्षे झाली.

ते जाण्याच्या आधीच मी एका संशोधनाबद्दल वाचले होते आणि ते त्यांना सांगायचे राहून गेले. १९६३ पर्यंत खुल्या हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला होता आणि नंतर हळूहळू कमी होत गेला. पेशी जन्मते त्या वर्षीच्या हवेचा ठसा तिच्या डीएनएत राहतो. स्वीडनमधील योनास फ्रिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्या ठशावरून माणसाच्या हृदयपेशींचे वय काढले. पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का पेशी नव्या येतात, पंच्याहत्तरीत ०.४५ टक्के, म्हणजे आयुष्यभरात निम्म्याही बदलत नाहीत. झेब्राफिश या इवल्या माशाच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी दोन महिन्यांत तो भरून येतो. उंदराच्या पिल्लालाही जन्मल्या दिवशी हे जमते आणि सात दिवसांत ते विसरते. आपण ते विसरलेल्यांपैकी आहोत. अण्णांच्या छातीत शेवटच्या दिवशी जे स्नायू ओढत होते त्यांतले कितीतरी आजीच्या पोटात, कर्नाटकाच्या सीमेवरच्या एका खेड्यात, पहिल्यांदा थरथरले होते आणि तेव्हापासून एकदाही विसावले नव्हते.

उतारावरचा थेंब परत चढत नाही, असे मी वर म्हटले, पण प्रयोगशाळेत तो चढवलेला आहे. जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये टॅडपोलच्या, म्हणजे बेडकाच्या पिलाच्या, आतड्यातल्या पेशीचे केंद्रक बेडकाच्या अंड्यात घालून नवे टॅडपोल मिळवले, आणि शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या कातडीच्या पेशीत चार जनुके घालून तिला पुन्हा काहीही होऊ शकणारी मूलपेशी बनवले. दोघांना २०१२ मध्ये एकत्र नोबेल मिळाले. अशा मूलपेशींपासून केलेल्या हृदयपेशी बशीत धडधडताना मी चित्रफितीत पाहिल्या आहेत. सुट्या असताना प्रत्येकीची लय निराळी असते. दोन पेशी सरकत येऊन एकमेकींना टेकतात आणि थोड्याच वेळात एका ठोक्यावर येतात. ते पाहताना माझे डोळे भरून आले. आशा वाटली, आणि आपल्या माणसाच्या बाबतीत ती उशिरा आली याचे दुःखही वाटले, आणि दोन्ही भावना आजही तशाच शेजारी शेजारी आहेत. कारण पेशी बनवता आल्या तरी त्यांना अनोळखी हृदयात शेजार जुळवून देणे अवघड आहे, माकडांच्या हृदयात त्या सोडल्या तेव्हा काही काळ लयच बिघडली होती. अण्णांनी विचारलेला डिझाइनचा प्रश्न अजून तिथेच उभा आहे.

त्या अंड्यानंतरच्या बाजाराला मी त्याच मावशींकडे गेले. भुश्याच्या टोपलीत अंडी मांडून त्या लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या. मी तक्रार करायला आले नव्हते, पण झाले ते सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला. 'एक खुडूक बसलीया न्हवं घरात, तिच्याखालचं आलं आसंल ताई. नातीनं गोळा केली व्हती.' मग त्यांनी माझ्यासाठी काढलेली सहा अंडी एकेक करून उचलली. उठून सावलीबाहेर उभ्या राहिल्या, मुठीचा द्रोण करून त्यात अंडे धरले आणि सूर्यासमोर नेऊन एक डोळा मिटला. 'ह्यात काय न्हाई,' म्हणून ते पिशवीत ठेवले. दुसरे, तिसरेही तसेच. चौथ्याला त्या थांबल्या आणि मला जवळ बोलावून मूठ माझ्या डोळ्यापुढे धरली. कवचातून नारिंगी उजेड येत होता आणि त्यात पाय पसरलेल्या कोळ्यासारखी एक लाल सावली होती. त्यांनी मनगट किंचित वळवले, तशी ती सावलीही हलकेच डोलली.

'जगेल का हो हे?' मी विचारले.

'बघायचं,' त्या म्हणाल्या. त्यांनी ते अंडे पदराच्या टोकात गुंडाळले, वर गाठ मारली आणि कमरेला पोटाशी खोचले. मग खाली बसून उरलेल्या पाच अंड्यांचे पैसे घेतले.